फुरसुंगी म्हटल्यावर तुम्हाला काय आठवतं?

कॅनॉलकाठ:

मंडळी, आठवडाभर मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

मी हडपसरला एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे. वय ४७. गेल्या सोमवारी ऐन अकराच्या गर्दीत लिंक गेली. बचत गटाच्या बायका, दोन दूधवाले, पासबुक भरून घ्यायला आलेले आजोबा, सगळे ताटकळले. मी उठले आणि फळ्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला: ‘व्यत्यय’. रांगेतले पन्नाशीच्या आसपासचे सगळे एकदम हसले. एक काकू म्हणाल्या, “आता सनई लावा म्हणजे झालं.” त्या एका शब्दाने रांगेचा राग उतरला. आमच्याकडे दोन नवीन मुलं लागली आहेत, एक लातूरचा, एक चिंचवडची, दोघंही पंचविशीच्या आत. ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी मुलीने विचारलं, “मॅडम, यात हसण्यासारखं काय होतं?”

शब्दाचा अर्थ तिला येत होता. पण दूरदर्शनवर कार्यक्रम मधेच बंद पडायचा, पडद्यावर ती पाटी यायची आणि अख्खी आळी एकसुरात “आलाऽऽ व्यत्यय” म्हणायची, हे तिला कुठून माहीत असणार? मी सांगायला लागले. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मला टीव्ही म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागतेय. आमच्या घरी टीव्ही आला १९८७ला, रामायण सुरू झाल्यावर. उसाचं बिल आलं होतं, तरी वडिलांनी निम्मे पैसे हप्त्याने ठेवले. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा, त्याला कुलूप. पडद्यापुढे निळसर प्लॅस्टिकची काच लावलेली, म्हणजे डोळ्यांना त्रास होत नाही असं दुकानदाराने सांगितलेलं. अँटेना बांबूला बांधून पत्र्यावर. तिचं तोंड सिंहगडाकडे, कारण टॉवर तिथे. जरा वारा सुटला की ती फिरायची. मग भाऊ पत्र्यावर, मी दारात, आई टीव्हीपुढे. भाऊ वरून ओरडायचा, “आलं का?” आई आतून, “मुंग्याच आहेत!” मी मधे उभी राहून दोघांचं दोघांना पोचवायची. “आता?” “आलं आलं… गेलं! मगाचचंच बरं होतं!” ती मुलं ऐकत होती, हसतही होती. पण ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ना, ते मी ओळखते. आमची आजी प्लेगच्या वेळी गाव सोडून रानात झोपड्या घातल्या ते सांगायची तेव्हा मी तसाच चेहरा करून बसायची.

पण मला खरं बोलायचंय ते पुढे घडलं त्याबद्दल.

डबा खाताना लातूरच्या मुलाने विचारलं, “मॅडम तुम्ही मूळच्या कुठल्या?” मी म्हटलं, “इथलीच, फुरसुंगीची.” तो म्हणाला, “म्हणजे कचरा डेपो?”

त्याचं काही चुकलं नाही. त्याने पेपरात तेच वाचलंय, गाडीवरून जाताना नाकाला तेच लागलंय. आमच्या गावाने आणि उरुळी देवाचीने वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा सोसला. विहिरींचं पाणी गेलं, आंदोलनं झाली, गाड्या अडवल्या, ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी घास घशात अडकला. कारण मी १९९३ला कॉलेजला पुण्यात गेले तेव्हा पहिल्या दिवशी वर्गात कुणी गाव विचारलं की मी “फुरसुंगी” म्हणायची आणि समोरचा हमखास म्हणायचा, “अरे, फास्टर फेणेच्या गावची!” चार मुलींशी ओळख मला त्या एका वाक्याने मिळाली. नागपूरची एक मुलगी होती, तिला पुण्यातल्या पेठांची नावं येत नव्हती, पण फुरसुंगी माहीत होतं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: बनेश ऊर्फ फास्टर फेणे, भा. रा. भागवतांच्या गोष्टींचा नायक. काडीपैलवान पोरगा, सायकल दामटणारा, पुण्याला विद्याभवनात शिकणारा, संकटात उडी घालणारा. काही विशेष घडलं की तोंडाने “ट्टॉक्” करणारा. गाव फुरसुंगी! आमचं! पाचवीत असताना शनिवारी सकाळची शाळा सुटताना बाई पत्र्याच्या पेटीतून एकेक पुस्तक द्यायच्या, त्यात मला तो पहिल्यांदा भेटला. मी रात्री कंदिलाशी वाचून संपवलं आणि रविवारी गावात त्याचं घर शोधायला निघाले. खरंच निघाले. कॅनॉलच्या कडेने वस्तीपर्यंत गेले. शेवटी पोस्टमनकाकांना गाठलं. ते सायकल टेकवून, पिशवी पुढे घेऊन, अगदी गंभीरपणे म्हणाले, “फेणे नावाने अजून एकही टपाल आलेलं नाही. पण आलं, तर मी घर हुडकून काढीन आणि तुला सांगेन.” हे त्यांनी मला दहा वर्षांच्या मुलीला सांगितलं. त्यानंतर दोन वर्षं मी त्यांना रस्त्यात दिसले की ते मान हलवायचे. नाही आलं म्हणून.

आता त्या गावाचं नाव घेतलं की कचरा.

मी म्हातारी झाले असं मला गुडघे दुखले तेव्हा वाटलं नाही, चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा नाही. त्या डब्याच्या वेळी वाटलं. तुमच्या बाबतीत असं होतं का? आणि होतं तेव्हा तुम्ही काय करता? सांगत बसता की सोडून देता? सांगावं तर “मॅडमचं सुरू झालं” असं होतं, न सांगावं तर आत काहीतरी राहतं.

—

एलओटी_कल्याण:

ताई, मुंग्या हा शब्द वाचून हात थांबले.

मी २६ वर्षं टीव्ही दुरुस्त केले. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ. आता दुकान आहे पण दुरुस्ती उरलेली नाही. एलईडीचं पॅनल गेलं की गिऱ्हाइकाला सांगायचं, नवीनच घ्या. पूर्वी पडदा आडवा एका रेघेवर आला की मी नुसतं बघून व्हर्टिकल गेलंय म्हणायचो, वास आला की एलओटी, म्हणजे टीव्हीतला हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर. तुमच्या त्या तिघांच्या साखळीबद्दल सांगतो. अर्धा दोष अँटेनाचा नसायचाच. चपटी वायर पत्र्याला घासून कातरलेली असायची किंवा खाली बलूनचा, म्हणजे वायर टीव्हीला जोडणाऱ्या छोट्या डबीचा, स्क्रू गंजलेला. लोक बांबू फिरवत बसायचे. मी वर जायचो, वायर पत्र्यापासून चार बोटं लांब धरायचो आणि खालून “आलं!” म्हणून आरोळी यायची. त्या आरोळीसाठी मी हा धंदा केला असं म्हटलं तरी चालेल.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल माझं म्हणणं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. तेव्हापासून डिशवाले केबलवाले येईपर्यंत वीस वर्षं बहुतेक घरांत एकच खिडकी होती. संध्याकाळी प्रदीप भिडे बातम्या द्यायला बसले की ते सगळ्यांच्या घरात बसले. शेतकरी असो नसो, आमची माती आमची माणसं सगळ्यांनी पाहिलं, कारण दुसरं काही नव्हतंच. म्हणून तुम्हाला कॉलेजात नागपूरची मुलगी एका वाक्यात भेटली. आज माझ्या घरात चार माणसं चार मोबाइल बघतात. माझ्या मुलाला जे आवडतं ते त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मुलालाही माहीत नसतं. त्या पोरांनी आपलं विसरलं याचं मला तितकं वाईट वाटत नाही. त्यांची पोरं त्यांना विचारतील तेव्हा त्यांच्याकडे “अख्खी आळी” म्हणून सांगायला काय असणार, याचं वाटतं.

आणि एक गोष्ट मला खरोखर सलते. दूरदर्शनवर त्या काळी टेप महाग. एकावर कार्यक्रम व्हायचा, मग ती पुसून त्यावरच दुसरा. कितीतरी मराठी कार्यक्रम असे गेले. गेले म्हणजे गेले. रामायण राहिलं म्हणून २०२०च्या लॉकडाऊनमध्ये परत दाखवता आलं आणि नवीन पोरांनीही बघितलं. पण किलबिल, गजरा यांतलं बघायला मागितलं तर थोडेफार तुकडे. पोरांना दोष कुठल्या तोंडाने देणार? दाखवायला आपल्याकडे आहे काय?

प्रदीप भिडे २०२२ला गेले. त्या दिवशी मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. कामाला असलेल्या पोराला कारण सांगितलं तर तो म्हणाला, शेठ तुमचे नातेवाईक होते का. मी हो म्हटलं.

—

वही_नंबर_दोन:

मी इथे बऱ्याचदा नुसती वाचते, आज लिहितेय, कारण मी त्या काउंटरच्या पलीकडची आहे. वय २४, नांदेडची, सध्या पुण्यात.

ताई, तुमचं लिहिलेलं वाचून मला रडू आलं, आधी ते सांगते. पोस्टमनकाकांचं.

पण एक गोष्ट मोकळेपणाने सांगू? तुम्ही जसं सांगितलंत तसं आम्हाला कुणी सांगतच नाही. आम्हाला काय ऐकू येतं माहितीये? “हे पण माहीत नाही?” एवढंच. ऑफिसात, कार्यक्रमात, नातेवाइकांत. गाणं लागतं, कुणीतरी विचारतं हे कुणाचं, मला येत नाही, आणि सगळे एकमेकांकडे बघून मान हलवतात. परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं. मग पुढच्या वेळी मी विचारतच नाही. मोबाइल काढते. त्यावरही बोलणी बसतात.

आणि आम्हाला काहीच माहीत नाही असंही नाही हो. अशी ही बनवाबनवी १९८८चा, माझ्या जन्माच्या तेरा वर्षं आधीचा. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ला गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. तरी आमच्या होस्टेलच्या ग्रुपवर दिवसातून दहा वेळा त्या सिनेमातला कुणीतरी येतोच. संवाद पाठ आहेत आम्हाला. कारण तो यूट्यूबवर आहे, टीव्हीवर सारखा लागतो, त्याचे मीम होतात. जे आमच्या हाताला लागलं ते आम्ही घट्ट धरलंय. कल्याणच्या काकांचं म्हणणं मला म्हणून पटलं. जे पुसलं गेलं ते आम्ही कुठून धरणार?

आता माझं सांगते. माझी मामेबहीण १२ वर्षांची आहे. दिवाळीत मी तिला म्हटलं, चल, आपण डोरेमॉनच्या गॅजेटची यादी करू, कुणाला जास्त आठवतात बघू. मी तिच्या वयाची असताना आमच्या गल्लीत आम्ही तसा खेळ खेळायचो. शंभरपानी वहीत नंबर घालून गॅजेट लिहिलेली असायची, माझी दुसरी वही भरत आली होती, म्हणून हे नाव. ती म्हणाली, “दीदी, ते बेबी लोकांचं असतं.” आणि तिच्या फोनमध्ये तोंड घातलं. मी २४ वर्षांची आहे! मला त्या क्षणी नक्की तेच वाटलं जे तुम्हाला डब्याच्या वेळी वाटलं. त्या वह्या आईने रद्दीत दिल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाली, तुला लागतील हे मला काय माहीत.

म्हणून सांगते, सोडून देऊ नका. त्या लातूरच्या मुलाला फेणे द्या वाचायला. त्याने “कचरा डेपो” म्हटलं कारण त्याच्याकडे फुरसुंगीबद्दल तेवढंच होतं. आणि मलाही सांगा, कुठल्या पुस्तकापासून सुरू करू? मी २०१७चा सिनेमा पाहिलाय, अमेय वाघचा, पण त्यातला फेणे मोठा आहे, मेडिकलच्या परीक्षेला पुण्यात आलेला. मला तुमचा दहा वर्षांच्या मुलीने घर शोधलेला फेणे हवाय.

—

बुधवार_रात्री_आठ:

सर्वांस नमस्कार. वय ७६, डोंबिवली. तिघांचंही वाचलं. मी जरा मागचं सांगतो, कंटाळा आला तर पुढे जावे.

आमच्या चाळीत एक रेडिओ होता, पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात. त्याला लायसन्स असे. दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरून पुस्तकावर शिक्का मारून आणावा लागे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमा आणि बाबूजी. दर आठवड्याला एक नवं गीत, वर्षभरात छप्पन्न. मी सहा वर्षांचा. मला गाणी त्या वेळी फारशी कळली नसतील, पण त्या रेडिओला हार घातलेला आणि पुढे उदबत्ती लावलेली मला आज या क्षणी दिसते. चाळीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन जिन्यात बसत. मग पुढे ‘पुन्हा प्रपंच’ आलं. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत. ही माणसं आम्हाला सख्ख्या काका-काकूंपेक्षा जवळची. दुपारी वनिता मंडळ, तेव्हा आईशी बोलायचं नाही. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. स्टेशन सरकायचं, खरखर व्हायची, काटा केसाएवढा फिरवायचा. आज कुठलं गाणं कितव्या पायरीवर, याच्या पैजा लागत. हरणाऱ्याने सकाळी दुधाच्या रांगेत उभं राहायचं.

ती गीतमाला सादर करणारे अमीन सायानी फेब्रुवारी २०२४मध्ये गेले. मी नातवाला सांगितलं, तो म्हणाला, “आजोबा, ते काय करायचे?” मी म्हटलं, “बोलायचे.” त्याला अजून काही सांगावं असं वाटलं, पण त्या आवाजाचं वर्णन मला जमेना. मोबाइलवर शोधून त्याला ऐकवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, हे त्याचं मोठेपण.

कॅनॉलकाठ, तुम्हाला एक विचारतो, राग मानू नका. तुमचे वडील माझ्याच वयाचे असतील. १९८७ला त्यांनी उसाच्या बिलातून टीव्ही आणला. त्या आधी तुमच्या घरी रेडिओ असेल. टीव्ही आल्यावर तो कुठे गेला? आमच्याकडे माझ्या मुलांनी तो माळ्यावर टाकला आणि मी काही बोललो नाही. १९८२-८३ची गोष्ट. त्यांना छायागीत बघायचं होतं आणि स्टुलावर जागा एकच होती. मी बोललो नाही, पण मला त्या रात्री झोप आली नाही. माझ्या मुलांनी टेकाडे भावजी कोण, हे मला आजपर्यंत विचारलेलं नाही. ती आता पन्नाशीची आहेत, गुणी आहेत, माझं सगळं करतात. विचारलं मात्र नाही.

तुम्ही वडिलांना विचारून बघा.

—

पेटीतली_पुस्तकं:

मी कोकणात एका तालुक्याच्या गावी वाचनालयात बालविभाग सांभाळते. अठरा वर्षं झाली. ‘वही नंबर दोन’ला उत्तर द्यायला आले, पण मूळ प्रश्नावरही बोलते.

अनुभवाने सांगते, मुलांना ‘आमच्या लहानपणीचं’ असं सांगून दिलेलं पुस्तक परत येतं तेव्हा त्याची घडीही मोडलेली नसते. मी ते शब्द तोंडातून काढतच नाही. शनिवारी दुपारी पंधरा-वीस मुलं येतात. मी फेणे उघडते आणि मोठ्याने वाचायला लागते. ओळख नाही, लेखकाचं नाव नाही, काही नाही. बन्या अडचणीत सापडला, आता पकडला जाणार, तिथे पुस्तक मिटते आणि म्हणते, आज एवढंच. पहिल्या वेळी एक मुलगा इतका चिडला की त्याने माझ्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. मला इतका आनंद झाला! दुसऱ्या दिवशी तो शाळेत “ट्टॉक्” करत फिरत होता असं त्याच्या बाईंनी सांगितलं. वर्गात पाच-सहा जण तेच करायला लागले. जीभ टाळूला लावून तो आवाज काढायचा, प्रत्येकाचा वेगळा येतो. हा आवाज भागवतांनी कागदावर लिहिला आणि इतक्या वर्षांनी माझ्या वाचनालयात पोरं तो काढून बघतात.

काही शब्द अडतात. ‘तार’ आली म्हटलं की मुलं विजेची तार समजतात. ट्रंककॉल सांगावा लागतो. मी दोन शब्दांत सांगते आणि पुढे जाते. थांबून माहिती द्यायला लागलं की गोष्ट मरते.

वही नंबर दोन, तू कुठूनही सुरू कर, प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे. आणि आवडलं तर भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या ज्या कादंबऱ्या मराठीत आणल्या त्याही बघ. या माणसाने मराठी मुलांना चंद्रावर नेलं, समुद्राच्या तळाशी नेलं, आणि फुरसुंगीलाही नेलं. तिन्ही ठिकाणं सारख्याच उत्साहाने.

कल्याणच्या दादांसाठी: सगळंच पुसलं गेलेलं नाही. बालभारतीचं किशोर मासिक १९७१पासूनचं, त्याचे जुने अंक बालभारतीने स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवलेत. मी ते वाचनालयातल्या संगणकावर लावते. गेल्या महिन्यात एक गृहस्थ नातीला घेऊन आले होते. त्यांनी १९७६चा दिवाळी अंक उघडायला सांगितला, पानं पुढे पुढे नेली आणि एका कोड्यावर थांबले. म्हणाले, “हे मला सुटलं नव्हतं.” नातीने ते पाच मिनिटांत सोडवलं. ते कितीतरी वेळ त्या पडद्याकडे बघत बसले होते. चांदोबा मात्र बंद पडला, त्याचं दुःख वेगळं. विक्रमाच्या खांद्यावरचा तो वेताळ काढणारे शंकर २०२०मध्ये गेले. आमच्याकडे चांदोबाचे बांधीव गठ्ठे आहेत, मी ते घरी नेऊ देत नाही, इथेच बसून वाचायचे. नियमात तसं नाही. हा नियम माझा आहे.

—

कॅनॉलकाठ:

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मधे दोन गोष्टी झाल्या.

काका, तुमचं वाचलं त्या रात्री मी अण्णांना फोन केला. ते भावाकडे असतात, गावातच. वय ७९. हल्ली फोनवर आमचं बोलणं म्हणजे गोळ्या घेतल्या का, पाय दुखतोय का, एवढंच. मी विचारलं, “अण्णा, टेकाडे भावजी माहितीयेत का?” पलीकडे काहीच नाही. मला वाटलं लिंक गेली. मग अण्णा एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागले. हसले आणि “पंऽऽत” अशी हाक मारली. माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाची नक्कल केलेली मी ऐकली नव्हती. उसाला पाणी द्यायला रात्रपाळीची वीज असायची, तेव्हा ते ट्रान्झिस्टर बांधावर ठेवायचे, पावसाळ्यात खताच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, हे मला माहीतच नव्हतं. सकाळी सुधा नरवणे पुण्याच्या बातम्या द्यायच्या, त्या नावावर ते रानातून घराकडे निघायचे, म्हणजे आम्हाला शाळेला उशीर व्हायचा नाही. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे. पाऊण तास बोलले. मी शेवटी विचारलं, तो ट्रान्झिस्टर कुठे गेला. म्हणाले, “तुम्ही पोरांनी सेल काढून घेतले टीव्हीच्या खेळण्याला.” कसलं खेळणं ते मला आठवत नाही. भावालाही आठवत नाही. काढले असतील.

आता दुसरं. मी लातूरच्या मुलाला फेणे नेऊन दिला. पेटीतल्या पुस्तकांनी सांगितलं तसंच, एक शब्द बोलले नाही. डब्याच्या वेळी टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “बसमध्ये वाचायला होईल.” चार दिवस काहीच नाही. मीही विचारलं नाही. फार जड गेलं, पण नाही विचारलं. सोमवारी तो आला आणि काउंटरच्या मागे वाकून हळूच म्हणाला, “मॅडम, एक डाउट आहे.” मला वाटलं डे बुकचा. म्हणाला, “हा बन्या सुट्टीत फुरसुंगीला घरी यायचा, तर कुठल्या रस्त्याने यायचा? तेव्हा बायपास नसणार.” मी म्हटलं, गाडीतळावरून सासवड रोड धरायचा. तो म्हणाला, ते मला समजलं, पण गावात शिरायला कुठून? कॅनॉल कुठे लागायचा? पूल होता का तेव्हा?

मी कागद घेतला आणि नकाशा काढायला लागले. गाडीतळ, रेल्वे फाटक, मग डावीकडे आमचा रस्ता, चिंचा, शाळा, चावडी, पोस्ट. कॅनॉल काढला. पोस्टमनकाका सायकल टेकवायचे तो दगडही काढला. पुलापाशी माझा हात थांबला, कारण तिथे आधी नुसता लाकडी ओंडका होता की पूल होता, ते मला नक्की सांगता येईना. समोर दोन ग्राहक उभे होते, चिंचवडच्या मुलीने त्यांना घेतलं.

नकाशा त्याने घडी घालून पुस्तकात ठेवलाय. शनिवारी अर्धा दिवस आहे. तो म्हणतोय गाडी काढू, जाऊन बघू. मी अण्णांना विचारून ठेवलंय, पुलाचं त्यांना माहीत आहे.